संगीत महोत्सवाचा पहिला आठवडा: मैफली आणि कार्यशाळांना प्रथमच जाणाऱ्यांसाठी

सकाळी कार्यशाळा आणि संध्याकाळी मैफल अशी आखणी असलेल्या शास्त्रीय संगीताच्या महोत्सवाला जे प्रथमच जाणार आहेत, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. गाणे आवडते, कधीतरी दोन-चार वर्षे शिकणेही झाले आहे, परंतु सलग सहा-सात दिवस संगीताच्या सहवासात राहण्याचा अनुभव नाही, असा वाचक माझ्यासमोर आहे. असा नवखा रसिक बहुधा एकच चूक करतो, आणि माझ्या पहिल्या महोत्सवात मीही ती केली होती. शक्य तितके कलाकार ऐकायचे आणि शक्य तितक्या कार्यशाळांना हजेरी लावायची, असे ठरवून मी गेलो; परतताना नावे भरपूर लक्षात होती, पण एकाही रागाची चाल मनात टिकली नव्हती. म्हणून पुढील सर्व सूचनांच्या मुळाशी एकच आग्रह आहे: आठवड्यासाठी एखादा धागा निवडावा आणि सकाळ-संध्याकाळ त्याच धाग्याने ऐकावे.

संगीत ऐकणे आणि त्याविषयी बोलणे ही दोन कामे एकाच मांडवाखाली आणण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९१६ मध्ये बडोद्यास महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने अखिल भारतीय संगीत परिषद भरवली, तेव्हा गायन-वादनाच्या जोडीला रागांच्या स्वरूपावर चर्चाही झाल्या. चेन्नईच्या म्युझिक अकादमीत डिसेंबरच्या हंगामात सकाळी सप्रयोग व्याख्याने आणि दुपारपासून मैफली असा क्रम आजही चालतो. सकाळी जे समजले ते संध्याकाळी कानाने पडताळून पाहता येते, हे या रचनेचे बलस्थान आहे.

कार्यक्रमपत्रिका कशी वाचावी

पत्रिका हाती आली की कलाकारांच्या नावांपेक्षा आधी वेळा पाहाव्यात. हिंदुस्थानी संगीतात कोणता राग गायला किंवा वाजवला जाणार हे बहुधा आधी छापलेले नसते. कलाकार ते वेळ, आधीच्या कलाकाराने मांडलेला राग आणि स्वतःची त्या दिवशीची मनःस्थिती पाहून ठरवतो. मात्र वेळेवरून अंदाज बांधता येतो. दुपारी चारच्या सुमारास सुरू होणाऱ्या सत्रात भीमपलासी, मुलतानी, पटदीप किंवा मधुवंती ऐकायला मिळण्याची शक्यता असते. सूर्यास्ताच्या आसपास मारवा, पूरिया, पूरियाधनाश्री आणि श्री हे संधिप्रकाश राग येतात. दिवेलागणीनंतर यमन, भूप, शुद्धकल्याण, आणि त्याहून उशिरा बिहाग, बागेश्री, मालकंस, दरबारी. यांपैकी तीन-चार रागांचे केवळ आरोह-अवरोह आणि एखादी ध्वनिमुद्रित मैफल आधीच्या पंधरवड्यात ऐकून ठेवली, तरी पहिल्या दिवशी अनोळखी गावात आल्यासारखे वाटत नाही.

पत्रिकेत एखादे सकाळचे मैफलसत्र असेल, तर ते मुळीच चुकवू नये. १९५३ मध्ये सुरू झालेला पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्र-रात्र चालत असे आणि उत्तररात्रीचे व पहाटेचे राग श्रोत्यांना आपोआप ऐकायला मिळत. ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांनुसार खुल्या जागेत रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिवर्धक लावता येत नाही. राज्य शासन वर्षातील ठरावीक दिवशीच मध्यरात्री बारापर्यंत सवलत देऊ शकते. शेजारच्या वस्तीतील माणसांची झोप पाहता हा नियम योग्यच आहे, पण त्यामुळे ललत, भैरव, तोडी यांसारखे राग समोर बसून ऐकण्याची संधी फारच थोडी उरली आहे. बंद सभागृहातील प्रातःकालीन सत्र ही आज त्यांची मुख्य जागा होय.

साथसंगतीच्या ओळीही वाचाव्यात. तबल्यावर कोण आहे, स्वरसाथ संवादिनीची (हार्मोनियमची) आहे की सारंगीची, याची नोंद करावी. एकच तबलावादक आठवड्यात गायनाच्या आणि सतारीच्या अशा दोन मैफलींना साथ करणार असेल, तर त्या दोन्ही ऐकाव्यात. साथीचा बाज कसा बदलतो हे त्यातून जितके स्पष्ट होते तितके व्याख्यानातून होत नाही.

धागा कसा निवडावा

धागा कोणताही चालेल: एखादे रागांग (रागांच्या एका कुळाची ओळखीची स्वरचाल), एखादे वाद्य, बंदिशीचा मुखडा (सुरुवातीची ओळ) समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कसा येतो हा प्रश्न, किंवा केवळ तंबोऱ्याचा नाद. पण अगदी नवख्या रसिकाने तबल्याचा ठेका (तालाचे ठरलेले बोल) निवडावा असे माझे मत आहे, कारण तो मैफलीच्या आरंभीचे आलाप वगळता सतत कानावर पडतो आणि तो ओळखू आला की गायकाच्या पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात.

बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतील मुख्य रचना, अनेकदा विलंबित एकतालात असतो. एकतालाच्या मात्रा बारा. अतिविलंबित लयीत एका मात्रेला चार सेकंद लागले, तर एक आवर्तन (तालाची एक पूर्ण फेरी) ४८ सेकंदांचे होते. एवढे लांब आवर्तन बोटांवर मोजणे नवख्याला जमत नाही, आणि मोजण्याच्या नादात गाणे ऐकायचे राहून जाते. त्याऐवजी ठेक्याचे बोल ओळखावेत: धिं धिं, धागे तिरकिट, तू ना, कत् ता, धागे तिरकिट, धी ना. यात ‘तिरकिट’ दोनदा येते, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला. पहिल्या तिरकिटनंतर ‘तू ना’ येते, ज्यात डग्ग्याचा (तबल्याच्या जोडीतील खर्जातल्या वाद्याचा) घुमारा नसतो. दुसऱ्या तिरकिटनंतर ‘धी ना’ येते आणि डग्गा पुन्हा भरून बोलतो. म्हणजे तिरकिट वाजले आणि पाठोपाठ डग्ग्याचा भरीव नाद ऐकू आला, की सम जवळ आली असे समजावे. गायक त्याच सुमारास मुखडा उचलतो. हे एकदा कानाला कळले की समेवर आपसूक मान हलते, आणि त्या क्षणी सभागृहातील सर्व जाणकार माना आपल्याबरोबर हलताना दिसतात.

त्रितालासाठी युक्ती आणखी सोपी आहे. सोळा मात्रांच्या या तालात ‘खाली’ (टाळी न वाजवता दाखवायची मात्रा) नवव्या मात्रेवर येते, आणि दहाव्या मात्रेपासून पुढे ‘तिं तिं ता’ या बोलांत डग्गा थांबल्याचे जाणवते. झपतालाच्या दहा मात्रा दोन-तीन-दोन-तीन अशा विभागल्या असल्याने त्याची चाल किंचित लंगडत जाणारी वाटते. रूपकाच्या सात मात्रा असतात आणि त्याची समच खालीवर असते. हे ऐकून प्रथम गोंधळ होतो, तो होऊ द्यावा.

कार्यशाळेची निवड आणि नोंदणी

कार्यशाळा या एकाच शब्दाखाली तीन वेगळे प्रकार येतात, आणि नोंदणीपूर्वी आपण कशात जात आहोत हे आयोजकांना विचारून घ्यावे. सप्रयोग व्याख्यानात श्रोत्याने केवळ ऐकायचे असते. गटशिक्षणात गुरू म्हणतात आणि सर्वांनी मागोमाग म्हणायचे किंवा वाजवायचे असते. तिसऱ्या प्रकारात काही निवडक विद्यार्थी गुरूंसमोर सादर करतात, गुरू तेथल्या तेथे दुरुस्ती सुचवतात आणि उरलेले ऐकतात. संकोची माणसाला हा तिसरा प्रकार कठीण वाटतो, परंतु केवळ श्रोता म्हणून बसण्याची मुभा असेल तर सर्वांत अधिक शिकायला तेथेच मिळते, कारण चूक आणि दुरुस्ती यांतील अंतर कानांना लागोपाठ ऐकायला मिळते.

आपली पातळी ठरवताना प्रामाणिक राहावे. किती वर्षे शिकलो हा निकष फारसा उपयोगी नाही. तंबोऱ्यावर षड्ज (सा) लावून तो न हलता टिकवता येतो का, मध्य लयीच्या त्रितालात एखादी चीज (बंदिश) म्हणताना दर वेळी समेवर नेमके येता येते का, आणि नवी स्वरओळ दोनदा ऐकून म्हणता येते का, हे तीन प्रश्न स्वतःला घरी विचारावेत. यांपैकी एकाचे उत्तर नाही असे असेल तर प्रारंभिक वर्गच घ्यावा. वरच्या वर्गात बसून मागे पडणाऱ्या विद्यार्थ्यामुळे सर्वांचीच गती मंदावते आणि त्याच्या स्वतःच्या हाती मात्र काही लागत नाही.

रोज वेगळ्या गुरूंकडे जाण्याचा मोह होतो. तो टाळावा आणि एकाच गुरूंच्या वर्गाला सर्व दिवस जावे. पहिल्या दिवशी गुरू समोरच्या विद्यार्थ्यांचा अंदाज घेत असतात; दुसऱ्या दिवशी बंदिश बसू लागते; खरे शिकवणे तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू होते, आणि नेमक्या त्याच दिवशी फिरते विद्यार्थी दुसऱ्या दालनात नव्याने ओळख करून देत असतात.

गायनाच्या कार्यशाळेत पट्टीची (गाण्याच्या आधारस्वराची) अडचण येते, ती आधीच जाणून असावी. पुरुष साधारणपणे काळी एकच्या (संवादिनीच्या सप्तकातील पहिल्या काळ्या पट्टीच्या) आसपास गातात, तर अनेक स्त्रियांना काळी चार किंवा काळी पाच सोयीची असते. काळी एक आणि काळी चार यांत पंचमाचे अंतर आहे, त्यामुळे मिश्र गटासाठी गुरू जी पट्टी निवडतील ती कोणाला तरी अवघड जाणारच. अशा वेळी आवाज ताणू नये. तार सप्तकातील जागा मनात म्हणाव्यात किंवा एक सप्तक खाली घ्याव्यात, आणि खोलीवर परतल्यावर आपल्या पट्टीत त्याच जागा पुन्हा घोळवाव्यात.

सोबत न्यायच्या वस्तू थोड्याच आहेत: साधी वही, पेन्सिल, आपल्या पट्टीत लावलेला तंबोरा असलेले भ्रमणध्वनीवरील ॲप, आणि वादकांसाठी त्यांची सामग्री. सतारवादकाने जास्तीच्या तारा आणि किमान दोन नख्या ठेवाव्यात, तबलावादकाने हातोडी विसरू नये. वाद्ये उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नयेत.

वर्गात बसल्यावर

गुरूंनी स्वरओळ म्हटली की लगेच वहीत मान घालू नये. प्रथम ऐकावे, मग म्हणावे, आणि दोन-तीन वेळा म्हणून झाल्यावरच लिहावे. भातखंडे पद्धतीच्या मोजक्या खुणा येत असतील तर लेखन झपाट्याने होते: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी खाली टिंब, तार सप्तकासाठी वर टिंब, समेला फुली आणि खालीला शून्य. पण हा केवळ सांगाडा आहे, हे विसरू नये. स्वर कोणत्या स्वराला स्पर्श करून येतो, कोठे रेंगाळतो आणि कोठून सुटतो हे कागदावर उतरत नाही.

याचे उत्तम उदाहरण मारवा, पूरिया आणि सोहनी हे तीन राग आहेत. तिघांचे स्वर तेच: षड्ज, कोमल ऋषभ, शुद्ध गांधार, तीव्र मध्यम, शुद्ध धैवत, शुद्ध निषाद, आणि पंचम वर्ज्य. कागदावर त्यांच्यात भेद दाखवणे कठीण जाते. मारव्यात कोमल ऋषभ आणि धैवत यांना प्राधान्य असते आणि षड्ज पुष्कळ वेळ टाळला जातो, त्यामुळे श्रोत्याच्या मनाला विसावा मिळत नाही. पूरिया गांधार-निषादाच्या आधाराने मंद्र आणि मध्य सप्तकात गंभीरपणे फिरतो. सोहनी तार षड्जाकडे झेपावते आणि तेथेच रमते. एखाद्या कार्यशाळेत गुरू हे तिन्ही राग एका बैठकीत दाखवणार असतील, तर अन्य सर्व कार्यक्रम बाजूला ठेवून तेथे जावे, आणि त्या संध्याकाळी पहिल्या कलाकाराने मारवा घेतला तर सकाळचे शब्द कसे जिवंत होतात ते अनुभवावे. भूप आणि देसकार यांची जोडीही अशीच, त्यांचे पाचही स्वर समान. एक गांधारावर उभा, दुसरा धैवतावर.

प्रश्न अवश्य विचारावेत, पण ज्याचे उत्तर गाऊन किंवा वाजवून देता येईल असे विचारावेत. “या रागाचा इतिहास काय?” या प्रश्नापेक्षा “येथे निषादावर थांबले तर काय बिघडते?” हा प्रश्न गुरूंना आवडतो आणि सर्वांच्या उपयोगी पडतो. आपण पूर्वी शिकलेली बंदिश येथे निराळ्या शब्दांनी किंवा निराळ्या उठावाने ऐकू आली, तर “आमच्याकडे असे म्हणत नाहीत” असे म्हणू नये. मौखिक परंपरेत एका चिजेची अनेक रूपे घराण्या-घराण्यांतून जपली गेली आहेत. शिकवली जात आहे ती त्या आठवड्यापुरती निष्ठेने शिकावी. ध्वनिमुद्रणासाठी दर दिवशी नव्याने परवानगी घ्यावी आणि ते कोणालाही पुढे पाठवू नये. वाद्याला पाय लागू देऊ नये, वाद्य ओलांडून जाऊ नये. तसे करण्यावाचून मार्गच नसेल तर वाद्य उचलून बाजूला ठेवण्याची विनंती करावी.

संध्याकाळची मैफल

सत्रातील पहिला कलाकार बहुधा तरुण असतो आणि तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. त्याच वेळी जावे. तरुण कलाकार मर्यादित वेळात राग आटोपशीर आणि काळजीपूर्वक मांडतो, त्यामुळे रचनेचे टप्पे नवख्याला अधिक स्पष्ट दिसतात. बसण्याची जागा ध्वनिक्षेपकाच्या अगदी पुढ्यात घेऊ नये. मध्यभागी, मंचापासून थोडे अंतर ठेवून बसल्यास तंबोरे, तबला आणि गळा यांचे प्रमाण बरोबर ऐकू येते.

दोन कलाकारांच्या मध्ये जो वेळ जातो तो विलंब समजू नये. हिवाळ्यात खुल्या मंडपात तापमान उतरले की धातूच्या तारा आकसतात आणि त्यांचा स्वर चढतो. हवेत ओल असेल तर तबल्याचे चामडे सैल होऊन त्याचा स्वर उतरतो. मंचावरील दिव्यांची उष्णता याच्या उलट परिणाम करते. म्हणून आत जुळवलेली वाद्ये मंचावर आल्यावर पुन्हा जुळवावी लागतात. त्या पाच-दहा मिनिटांत बोलणे थांबवून चारही तारांचा नाद ऐकावा. तंबोऱ्याची पहिली तार रागानुसार पंचमात, मध्यमात किंवा निषादात लावतात. ती कशात लागली हे ओळखता आले तर राग सुरू होण्यापूर्वीच त्याचा सुगावा लागतो. पंचमाऐवजी मध्यम लागला असेल, तर मालकंसासारखा पंचम वर्ज्य असलेला राग येण्याची शक्यता असते.

गायनाच्या मैफलीत थोडे आलाप, मग बडा ख्याल, त्यानंतर द्रुत चीज आणि शेवटी ठुमरी, नाट्यपद किंवा अभंग असा क्रम सामान्यपणे असतो. सतार किंवा सरोदवादनात आलाप, त्याला लय देणारा जोड आणि द्रुत झाला हे भाग तबल्याविना होतात आणि नवख्याला ते लांबलेले वाटू शकतात. तेव्हा कलाकार मंद्र सप्तकातून एकेक स्वर कसा वर नेत आहे आणि पुढचा स्वर किती वेळ राखून ठेवत आहे, एवढेच लक्षात ठेवून ऐकावे. मसीतखानी गत (संथ लयीतील वाद्यरचना) त्रितालाच्या बाराव्या मात्रेवरून उठते, म्हणजे उठाव आणि सम यांत पाच मात्रांचे अंतर राहते. ही गोष्ट ठेक्याचा धागा धरणाऱ्या श्रोत्याला फार आनंद देते. स्वतंत्र तबलावादनात संवादिनी किंवा सारंगीवर वाजणारा लेहरा (पुन्हा पुन्हा येणारी एकच सुरावट) हा आपला आधार असतो. तबल्याच्या बोलांत हरवल्यासारखे झाले की लेहऱ्याकडे परतावे.

दाद कशी द्यावी याचा संकोच बाळगू नये. सहज उमटलेला “वा!” किंवा समेवर हललेला हात कलाकारापर्यंत पोहोचतो. मात्र न समजताच शेजाऱ्याचे पाहून दाद देण्याचे कारण नाही. शांतपणे ऐकणाऱ्याचाही गायकाला आधार असतो. टाळ्या शक्यतो रचना संपल्यावर वाजवाव्यात. राग चालू असताना उठून जाऊ नये, आणि जाणे अपरिहार्यच असेल तर दोन रचनांच्या मधला क्षण साधावा. भ्रमणध्वनीचा प्रकाश मागच्या श्रोत्याच्या डोळ्यांत जातो, म्हणून तो पूर्ण बंद ठेवलेला बरा.

चौथा दिवस

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कान थकतात. सर्व राग एकसारखे वाटू लागतात आणि चांगल्या गाण्याचाही कंटाळा येतो; हे प्रत्येकाचे होते. त्या दिवशी संध्याकाळच्या एकाच कलाकाराला ऐकून परतावे, किंवा मैफल पूर्ण टाळून शांततेत राहावे. सकाळचा वर्ग मात्र चुकवू नये.

रोज रात्री झोपण्यापूर्वी चार-पाच ओळी लिहाव्यात: कोणी कोणता राग मांडला, ताल कोणता होता, आपल्या धाग्याच्या अनुषंगाने काय ऐकले आणि काय कळले नाही. न कळलेल्या गोष्टीची नोंद सर्वांत महत्त्वाची, कारण दुसऱ्या दिवशी गुरूंना विचारायचा प्रश्न तिच्यातूनच मिळतो.

शेवटचा दिवस आणि नंतरचे पंधरा दिवस

महोत्सवाची सांगता बहुधा भैरवीने होते. तिला वेळेचे बंधन उरलेले नाही आणि तिच्यात बाराही स्वर वापरण्याची मोकळीक कलाकार घेतात, म्हणून शेवटच्या कलाकाराची भैरवी संपेपर्यंत थांबावे. गाडी गाठायची असेल तर ती दुसऱ्या दिवशीची ठरवावी.

घरी परतल्यावर कार्यशाळेत शिकलेली बंदिश चार दिवस वहीकडे न पाहता म्हणावी. पाचव्या दिवशी ती आठवणीतून नव्याने लिहून काढावी आणि मगच महोत्सवातील वहीशी ताडून पाहावी. जेथे फरक पडला असेल त्या जागेवर खूण करून, परवानगीने केलेले ध्वनिमुद्रण असेल तर तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकावा. रोज वीस मिनिटे या एका बंदिशीला दिली, तर साधारण दोन आठवड्यांत ती ठेक्यासह उभी राहते. त्यानंतर त्याच रागाची वेगळ्या घराण्याच्या गायकाची ध्वनिमुद्रिका शोधून ऐकावी, आणि वहीत ‘कळले नाही’ म्हणून लिहिलेल्या ओळींपैकी आता किती खोडता येतात ते पाहावे.